माहेरी आलेली लेक आणि तिचा रक्तदाब

यंदाच्या जूनमधली गोष्ट. पाऊस नुकताच लागला होता. संध्याकाळी दवाखान्यात तापा-सर्दीच्या रुग्णांची गर्दी होती. एक पन्नाशीच्या बाई गुडघा धरत आत आल्या. मागोमाग त्यांची लेक. आठवा महिना, पहिलटकरीण. सासर इचलकरंजीचे, माहेर पन्हाळा तालुक्यातले. आठवड्यापूर्वी सासरी डोहाळेजेवण झाले आणि रीतीप्रमाणे पोर बाळंतपणाला माहेरी आली.

"गुडघा लई धरलाय डॉक्टर," बाई म्हणाल्या. "हिचं काय न्हाई. ही नुसती सोबतीला आलीया."

गुडघा तपासून झाला, चिठ्ठी लिहिली. लेक खुर्चीच्या पाठीला टेकून उभी होती. तिच्या हातातला हिरवा चुडा मनगटात रुतलेला दिसला. आठवड्यापूर्वी कासाराने माप बघूनच भरला असणार. मी तिला बसवले, पाच मिनिटे थांबलो आणि पट्टा बांधला. रक्तदाब १५०/९६.

"डोकं दुखतंय का ग?"

"थोडं दुखतंय. एस.टी.च्या प्रवासानं असंल."

प्रवास होऊन आठ दिवस झाले होते. लघवीत पट्टी बुडवून पाहिली तर प्रथिनांचा रंग चांगलाच चढला. "याआधी बी.पी. किती होतं?" असे विचारल्यावर मायलेकी एकमेकींकडे पाहू लागल्या. फाईल सासरी कपाटात होती. बाळंतपणाला अजून दीड महिना आहे, नवरा येताना घेऊन येईल, असा हिशेब. मी तिच्या नवऱ्याला फोन करायला लावला. वीस मिनिटांनी त्याने मोबाइलवर कार्डाचा फोटो पाठवला. चौथ्या महिन्यात १०४/६६, सहाव्यात ११०/७०, सातवा संपताना १२८/८४. प्रत्येक आकड्यापुढे "ठीक" अशी नोंद होती आणि सुटा पाहिला तर प्रत्येक आकडा ठीकच होता. ओळीने वाचल्यावर मात्र चढण दिसत होती. शेवटच्या तपासणीनंतर तीन आठवडे तिला कोणीच पट्टा बांधला नव्हता. सासरच्यांना वाटले आता माहेरचे बघतील, आणि माहेरच्यांना वाटले तपासण्या सगळ्या सासरी झाल्यात.

गरोदरपणातल्या रक्तदाबाविषयी लिहायला बसलो की मला पुस्तकातल्या व्याख्येआधी ही मधली फट आठवते. हा आजार बहुधा सातव्या महिन्यानंतर डोके वर काढतो. पहिलटकरणीत तो अधिक दिसतो. आणि आपल्याकडे पहिलटकरीण नेमकी त्याच सुमारास घर बदलते, डॉक्टर बदलते, दवाखाना बदलते. माहेरपणाच्या रीतीला माझा मुळीच विरोध नाही. उलट आईच्या हाताखाली पोर निवांत राहते. पण ओटीत नारळ आणि खण घालता, त्याबरोबर ते कार्डही घालावे.

आता थोडे आजाराबद्दल. दिवस गेल्यावर पहिल्या निम्म्या काळात स्त्रीचा रक्तदाब एरवीपेक्षा थोडा उतरतो आणि शेवटच्या तीन महिन्यांत हळूहळू मूळ जागी येतो. पाचव्या महिन्यानंतर तो १४०/९० किंवा त्याहून वर गेला आणि चार-सहा तासांनी पुन्हा मोजल्यावरही तसाच राहिला, तर तो वाढलेला समजायचा. वरचा किंवा खालचा, दोहोंपैकी एकच आकडा वाढला असला तरी तेच. त्याच्या जोडीला लघवीतून प्रथिने जाऊ लागली किंवा यकृत, मूत्रपिंड, रक्तातल्या पेशी यांवर परिणाम दिसू लागला, की त्याला प्री-एक्लॅम्पसिया म्हणतात. १६०/११० च्या पुढे गेला तर ती तातडीची वेळ. त्या दिवशी, त्या तासाला उपचार हवेत. एवढे होऊनही दुर्लक्ष झाले तर रुग्णाला झटके येतात. ती एक्लॅम्पसिया. खेड्यात अजूनही काही ठिकाणी याला बाहेरची बाधा समजतात आणि अंगारा लावण्यात दोन तास जातात.

हे का होते? मूळ दोष वारेत असतो. बाळाला रक्त पुरवणारी वार गर्भाशयाच्या भिंतीत रुजते, तेव्हा तिथल्या आईच्या बारीक रक्तवाहिन्या रुंद व्हायला हव्यात. पाटाचे पाणी उसाच्या सरीत सोडायचे तर सरीचे तोंड मोठे करावे लागते, तसेच. काही जणींत ते तोंड अरुंदच राहते. वार उपाशी पडते आणि तिच्यातून काही द्रव्ये आईच्या रक्तात उतरतात. ती साऱ्या शरीरातल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तराला त्रास देतात. म्हणून रक्तदाब चढतो, लघवीतून प्रथिने गळतात, अंगावर सूज येते, आणि बाळाची वाढही खुंटू शकते. सुरुवात तिसऱ्या-चौथ्या महिन्यात झालेली असते. आपल्याला कळते आठव्यात. सासूने जास्त काम लावले म्हणून किंवा सून चिडचिडी आहे म्हणून हा आजार होत नाही. घरात यावरून भांडणे झालेली मी पाहिली आहेत, म्हणून मुद्दाम लिहितो.

आता माझ्याच एका चुकीची गोष्ट सांगतो. ती सांगितल्याशिवाय चुड्याकडे माझे लक्ष का जाते हे कळणार नाही.

१९९८ साल. दवाखाना उघडून दोन वर्षे झाली होती. रात्री नऊच्या सुमारास, शटर ओढायच्या बेतात असताना, एक नवव्या महिन्यातली स्त्री नवऱ्याबरोबर आली. पोटात वरच्या बाजूला, छातीच्या खाली दुखत होते, एक उलटी झाली होती. "पित्त झालंय डॉक्टर, दुपारी मिसळ खाल्ली," असे तिनेच सांगितले. मीही तेच मानले. पित्ताचे इंजेक्शन दिले, पातळ औषधाची बाटली दिली. रक्तदाबाचे यंत्र माझ्या टेबलावर, हाताच्या अंतरावर होते. मी ते उघडले नाही. पहाटे तिला घरी झटके आले. नवरा माझ्याकडे न येता थेट तिला शहरातल्या मोठ्या रुग्णालयात घेऊन गेला, हे त्याने शहाणपणाचे केले. ती वाचली. बाळ वाचले नाही.

बरगडीखाली, उजव्या किंवा मधल्या बाजूला होणारे ते दुखणे पित्ताचे नव्हते, यकृताच्या सुजेचे होते. शिकताना मी ते वाचले होते, परीक्षेत लिहिलेही होते. पंधरा दिवसांनी तिचा नवरा बाटली परत द्यायला आला. रागावला नाही, बोललाही नाही. बाटली टेबलावर ठेवून गेला. तेव्हापासून गरोदर स्त्री दवाखान्यात कोणत्याही कारणाने आली, सोबतीला म्हणून आली तरी, पट्टा बांधल्याशिवाय मी तिला जाऊ देत नाही.

या आजाराची अडचणच ही आहे की रक्तदाब दुखत नाही. १५०/१०० घेऊन बाई भाकरी थापते, जनावराला वैरण घालते. पाय सुजले तर घरातल्या मोठ्या बायका म्हणतात, पोटुशीचे पाय सुजतातच. ते खरेही आहे. दिवसभर उभे राहून संध्याकाळी पाऊल सुजणे आणि सकाळी उतरणे हे पुष्कळ जणींना होते, त्यात घाबरण्यासारखे नाही. सकाळी उठल्यावर डोळे-चेहरा सुजलेला असणे, अंगठी किंवा बांगडी अचानक घट्ट होणे, आठवड्यात किलोहून अधिक वजन चढणे, ही सूज वेगळी. आणि सूज मुळीच नसतानाही रक्तदाब धोक्याचा असू शकतो. म्हणून सुजेवर भिस्त ठेवू नये, यंत्रावर ठेवावी. न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे, धूसर दिसणे, वर सांगितलेले छातीखालचे दुखणे, धाप, लघवी कमी होणे, बाळाची हालचाल मंदावणे, यांतले काहीही झाले तर सकाळची वाट पाहायची नाही.

यंत्राबद्दल दोन शब्द. रक्तदाब घाईत मोजला तर आकडा फसवतो. चालत आल्या आल्या, बोलता बोलता, ड्रेसच्या बाहीवरून पट्टा बांधून मोजू नये. पाठ टेकून, पाय जमिनीला लावून पाच मिनिटे बसावे, हात हृदयाच्या उंचीवर टेकवावा. दंड जाड असेल तर मोठा पट्टा लागतो. लहान पट्ट्यात आकडा उगाच वाढतो. हल्ली घरोघरी डिजिटल यंत्रे आली आहेत. ती वापरावीत, पण एकदा डॉक्टरांच्या यंत्राशी ताडून घ्यावीत. गरोदर स्त्रीच्या रक्तदाबासाठी पडताळलेले यंत्रच घ्यावे, कारण काही यंत्रे या आजारात आकडा कमी दाखवतात.

लघवीची तपासणी तर अगदीच सोपी झाली आहे. आम्ही मिरजेला शिकत होतो तेव्हा काचेच्या नळीत लघवी घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर वरचा भाग उकळायचो. पांढरा गढूळपणा आला आणि ॲसिटिक ॲसिडचे थेंब घालूनही तो गेला नाही, तर प्रथिने आहेत असे समजायचे. एखाद्या वेळी उकळी उडून हातावर यायची. आता कागदी पट्टी मिनिटभरात उत्तर देते आणि ती प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत होते. तरीही "लघवी कशाला तपासायची" म्हणून रिकामी बाटली परत देणाऱ्या बायका आठवड्याला भेटतात.

उपचारांत माझ्या डोळ्यांदेखत मोठा बदल झाला. आमच्या विद्यार्थिदशेत झटके आलेल्या बाळंतिणीला अंधाऱ्या, शांत खोलीत ठेवायची पद्धत सगळीकडेच होती. उजेडाने आणि आवाजाने झटके येतात अशी समजूत. मद्रासच्या डॉ. कृष्ण मेनन यांनी १९६१ च्या सुमारास रूढ केलेले तीन गुंगीच्या औषधांचे मिश्रण देशभर वापरात होते, पुढे डायझेपाम आले. मग १९९५ साली भारतासह अनेक देशांतल्या १६८७ स्त्रियांवरच्या मोठ्या चाचणीने सिद्ध केले, की साधे मॅग्नेशियम सल्फेट डायझेपामपेक्षा सरस आहे. डायझेपामपेक्षा पुन्हा झटका येण्याचे प्रमाण निम्म्याने कमी. हे तेच मॅगसल्फ, ज्याची पूड एकेकाळी जुलाबाला देत आणि ग्लिसरीनमध्ये कालवून मुरगळलेल्या पायावर लावत. २००२ च्या दुसऱ्या मोठ्या चाचणीत असे दिसले, की झटके यायच्या आधीच ते दिले तर त्यांचा धोका निम्म्याहून खाली येतो.

यात आपल्या भागाचाही वाटा आहे. पुस्तकातली मात्रा परदेशी स्त्रीच्या वजनावर बेतलेली. आपल्याकडच्या चाळीस-पंचेचाळीस किलोच्या बाईला ती झेपेल का, हा प्रश्न सोलापूरच्या डॉ. सुमन सरदेसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला आणि कमी मात्रेची पद्धत २००३ साली मांडली. नागपूरच्या दोन सरकारी रुग्णालयांत ८९४ स्त्रियांवर झालेली चाचणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. अतिशय वाढलेला रक्तदाब नुसत्या तोंडी गोळ्यांनी उतरतो का, हे त्यात पाहिले होते. निफेडिपिन, लॅबेटॅलॉल आणि मिथिलडोपा या तिन्ही जुन्या, स्वस्त गोळ्यांनी दहांपैकी साडेसात ते साडेआठ जणींचा रक्तदाब सहा तासांत, त्रास न होता आटोक्यात आला. निफेडिपिन थोडी पुढे. गगनबावड्याच्या किंवा चंदगडच्या एखाद्या केंद्रात भर पावसात, रस्ता बंद असताना अडकलेल्या डॉक्टरला या माहितीचे मोल विचारा.

गोळ्यांचा विषय निघालाच आहे तर एक कळकळीची सूचना. घरात सासूबाईंना किंवा आईला रक्तदाबाची गोळी चालू असते. सुनेचा आकडा वाढला की "माझीच अर्धी घे" असा प्रेमळ सल्ला मिळतो. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल, एनालाप्रिल ही आज सर्रास दिली जाणारी औषधे गर्भाच्या मूत्रपिंडाला घातक आहेत. जिला आधीपासून रक्तदाब आहे आणि यांपैकी गोळी चालू आहे, तिने मूल होऊ देण्याचे ठरवतानाच डॉक्टरांना सांगून ती बदलून घ्यावी. गोळी आपल्या मनाने बंद करणेही तितकेच वाईट.

खाण्यापिण्यात आपल्याकडे नको तेथे कडकपणा. रक्तदाब म्हटले की पोरीचे मीठ तोडतात. अळणी भाजी-भाकरी तिला जात नाही, आणि बाळालाही मिळायचे ते मिळत नाही. मीठ तोडल्याने हा आजार टळतो असा पुरावा नाही. नेहमीचे, बेताचे मीठ चालेल. लोणचे-पापडाचा अतिरेक नको, इतकेच. तांबडा रस्सा खाल्ल्याने रक्तदाब वाढला, असेही कोणी मनाला लावून घेऊ नये. दिवसभर अंथरुणावर निजवून ठेवण्यानेही हा आजार हटत नाही, उलट पायात रक्ताची गुठळी होण्याची भीती असते.

उपयोगी ठरते ते कॅल्शियम, विशेषतः ज्यांच्या आहारात दूध-दुभते कमी आहे त्यांना. म्हशीच्या दुधाच्या या जिल्ह्यात दूध डेअरीला जाते आणि घरच्या सुनेला कोरा चहा मिळतो, हेही मी पाहिले आहे. सरकारी दवाखान्यात चौथ्या महिन्यापासून ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या रोज देतात. त्या जेवणाबरोबर घ्याव्यात, मात्र लोहाच्या गोळीबरोबर नाही. दोघींत दोन तासांचे अंतर ठेवावे, नाहीतर लोह अंगी लागत नाही. ज्यांना धोका अधिक आहे, म्हणजे आधीच्या खेपेला हाच त्रास झालेल्या, जुळे असलेल्या, मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार किंवा आधीपासून रक्तदाब असलेल्या, त्यांना चौथा महिना संपायच्या आत ॲस्पिरिनची बारीक मात्रा सुरू केल्यास फायदा होतो. ती डॉक्टरांनीच ठरवावी. आणि त्यासाठी स्त्रीने तिसऱ्या महिन्यात दवाखान्यात यायला हवे. दृष्ट लागेल म्हणून पाचव्यापर्यंत लपवून ठेवले तर ही संधी जाते.

आपल्या शेजारी बेळगाव भागात २०१४ ते २०१६ या काळात आशा आणि परिचारिकांनी गावोगावी घरी जाऊन गरोदर स्त्रियांचे रक्तदाब मोजण्याचा मोठा प्रयोग केला. तसाच पाकिस्तान आणि मोझांबिकमध्येही झाला. तिन्ही देशांचा एकत्र हिशेब मांडला तेव्हा नुसते यंत्र दारात नेऊन मृत्यू आणि गुंतागुंती कमी झाल्याचे दिसले नाही. मात्र ज्यांच्याकडे आठ किंवा अधिक वेळा जाणे झाले, त्यांच्यात परिणाम चांगला दिसला. माझ्यासारख्या खेड्यापाड्यातले रुग्ण पाहणाऱ्या डॉक्टरला यात नवल वाटले नाही. एकदा मोजलेला रक्तदाब म्हणजे एकदा पाहिलेले धरण. पाणी चढते आहे की उतरते आहे, ते दुसऱ्यांदा पाहिल्यावर कळते. सातव्या महिन्यापर्यंत महिन्यातून एकदा, मग पंधरवड्याने आणि नवव्यात दर आठवड्याला पट्टा बांधावा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी २०१६ पासून चालू आहे. माहेरी आलेल्या लेकीलाही तिथे कोणी परत पाठवत नाही.

झटका आलाच तर काय करावे? तिला डाव्या कुशीवर वळवावे, तोंडातली लाळ बाहेर येऊ द्यावी, आजूबाजूची भांडी-काठ्या दूर कराव्यात. दातात चमचा घालू नये, पाणी पाजू नये, कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नये. १०८ ला फोन करावा. गाडी कोल्हापूरला पोहोचायला तास-दीड तास लागणार असेल, तर वाटेतल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मॅग्नेशियमचा पहिला डोस, दोन्ही कुल्ल्यांवर एकेक इंजेक्शन, टोचून घेऊन मग पुढे जावे. त्या पाच मिनिटांनी प्रवासातला पुढचा झटका टळू शकतो.

या आजाराचा खरा इलाज म्हणजे बाळंतपण. वार बाहेर पडल्याशिवाय मूळ जात नाही. म्हणून प्री-एक्लॅम्पसिया असेल तर साधारण ३७ आठवडे पूर्ण झाले की कळा सुरू करण्याचा सल्ला तज्ज्ञ देतात, आणि आई किंवा बाळ संकटात असेल तर त्याआधीही. "दिवस भरायचेत, डॉक्टर पैशासाठी घाई करतात," असे म्हणून रुग्ण उठवून नेणारी माणसे मी पाहिली आहेत. बाळंतपणानंतरही लगेच निश्चिंत होता येत नाही. तिसऱ्या ते सहाव्या दिवशी रक्तदाब पुन्हा चढतो, आणि तेव्हा बाळंतीण घरी, शेक-शेगडीच्या खोलीत असते. तिचे डोके दुखले तर डोक्याला रुमाल बांधून वारा लागला म्हणतात. सहा आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. पुढच्या आयुष्यातही अशा स्त्रियांना रक्तदाब आणि हृदयविकार इतरांपेक्षा अधिक होतो, म्हणून चाळिशीची वाट न पाहता वर्षातून एकदा पट्टा बांधून घ्यावा.

महाराष्ट्रात २००४-०६ मध्ये दर लाख जिवंत जन्मांमागे १३० माता दगावत. २०१८-२० मध्ये हा आकडा ३३ वर आला. उरलेल्या मृत्यूंत रक्तदाबाचा हिस्सा अजून मोठा आहे. जगभरात दर सहा माता-मृत्यूंत सुमारे एक याने होतो.

त्या पन्हाळ्याच्या लेकीला मी त्याच रात्री चिठ्ठी देऊन तज्ज्ञांकडे पाठवले. दोन दिवस दवाखान्यात ठेवून गोळ्या सुरू झाल्या, मग दर तिसऱ्या दिवशी तपासणी. चुडा साबण लावून उतरवावा लागला. आईच्या डोळ्यांत त्याचेच पाणी अधिक होते. सदतिसावा आठवडा पुरा झाल्यावर मुलगी झाली, सव्वादोन किलोची. पाचव्या दिवशी रक्तदाब १५६/१०० झाला होता, तो पंधरवड्यात उतरला. परवा त्या बाई गुडघ्याचे औषध न्यायला आल्या होत्या. नात आणि लेक अजून माहेरीच आहेत, गोळी अर्धी झाली आहे. सव्वा महिन्याने सासरी जायचे म्हणतात. जाताना इथली चिठ्ठी-चपाटी सगळी बरोबर द्यायची, हे मी त्यांना दोनदा सांगितले.